माझी बहीण, आमचे हे आणि पाच पिचर

माझी धाकटी बहीण कॅल्गरी सोडून ओकव्हिलला राहायला येणार हे ठरलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यावरून कोणाला तसं वाटायचं नाही.

ती माझ्याहून चार वर्षांनी लहान. आम्ही जळगावच्या. मी लग्न होऊन पंच्याहत्तर साली टोरांटोला आले. तीन वर्षांनी तीही आली, पण तिला नोकरी मिळाली कॅल्गरीच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आणि ती तिथलीच होऊन गेली. लग्न केलं नाही. म्हणजे सदतीस वर्षं आम्ही दोघी बहिणी एका देशात राहिलो आणि तरी मध्ये विमानाचे चार तास. दर रविवारी फोन, दोन-तीन वर्षांतून एकदा भेट. भेटीत पहिले दोन दिवस नुसतं बोलायला कुठून सुरुवात करायची ह्यातच जायचे. तिसऱ्या दिवशी सूर लागायचा आणि चौथ्या दिवशी एअरपोर्ट.

त्यामुळे ती रिटायर झाली आणि २०१५च्या वसंतात आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, गो ट्रेनच्या स्टेशनजवळ तिने कॉन्डो घेतला, तेव्हा मी मनात सगळं ठरवून टाकलं होतं. सकाळी दोघींनी लेकच्या कडेने चालायला जायचं. वांगी ओव्हनमध्ये नाही, बॅकयार्डातल्या बार्बेक्यूवर भाजायची आणि हिरव्या मिरच्या घालून आईसारखं भरीत करायचं. आणि आपलं खानदेशी बोलायचं. ह्यांचं घराणं पुण्याचं. माझ्या तोंडून चुकून 'काय वं' निघालं की हे चाळीस वर्षं हसत आले आहेत. आता आम्ही दोघी असणार होतो. आता हसून बघा म्हणावं.

पहिल्याच आठवड्यात मी तिला जेवायला बोलावलं. भरीत केलं, कळण्याच्या भाकऱ्या केल्या. हे फॅमिली रूममध्ये मॅच बघत होते. आमच्या घरात एप्रिल ते सप्टेंबर रोज संध्याकाळी सात वाजता बेसबॉल लागतं. टोरांटोची टीम सुरू झाली तेव्हा पहिल्या मॅचला मैदानावर बर्फ होतं आणि हे त्या थंडीत तिथे हजर होते. तेव्हापासून एखाद्या व्रतासारखं चाललेलं आहे. मुलीला लहानपणी नेऊन पाहिलं, तिला कंटाळा आला. मराठी मंडळातल्या मित्रांना फक्त क्रिकेट कळतं. मला तर काहीच कळत नव्हतं. हे एकटेच बघायचे आणि एकटेच पुटपुटायचे.

बहीण हात धुऊन आली, टीव्हीसमोर उभी राहिली, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, "भाऊजी, ह्याला अजून ठेवलाय? रोटेशनमधला पाचवा ना हा? ह्याचा खांदा पडलाय, बघा. आता मार खाणार."

पुढचाच चेंडू समोरच्याने प्रेक्षकांत टोलवला.

ह्यांनी रिमोट खाली ठेवला. खुर्चीतच पूर्ण वळून तिच्याकडे पाहिलं. ह्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी आमच्या मुलीच्या जन्माच्या वेळी पाहिलं होतं. त्यानंतर नाही.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. मॅच सुरू करायला पाच पिचर ठरलेले असतात. आज एक, उद्या दुसरा, असं करत सहाव्या दिवशी पुन्हा पहिला, कारण खांद्याला तेवढी विश्रांती लागते. ह्या पाचांच्या रांगेला रोटेशन म्हणतात. चाळीस वर्षं तो शब्द कानावर पडत असल्यामुळे एवढं मला माहीत होतं. त्यापलीकडे काही नाही. बहिणीला मात्र सगळं माहीत असण्याचं कारण होतं. जळगावला कॉलेजात ती सॉफ्टबॉल खेळायची. बेसबॉलचाच तो भाऊ, फक्त चेंडू मोठा आणि हात खालून फिरवून टाकायचा. ती पिचर होती. पुढे कॅल्गरीत तिने रेडिओवर आणि टीव्हीवर ह्याच टीमच्या मॅचेस ऐकल्या-पाहिल्या होत्या, वर्षानुवर्षं. रविवारच्या फोनवर तिने मला हे कधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

त्या दिवशी भरीत गार झालं.

मग ती रोज येऊ लागली. "ताई, आहेस का?" म्हणत दारातून यायची, मला चहा टाकायला मदत करायची आणि सातला दहा मिनिटं असली की कप घेऊन पलीकडे जायची. महिन्याभरात त्या दोघांनी एक नवाच उद्योग काढला. आमच्या टीमची आजवरची सगळी रोटेशनं एकमेकांसमोर उभी करायची आणि त्यांतलं सर्वांत भारी कोणतं ते ठरवायचं. ह्यांनी पिवळ्या कागदाचं पॅड आणलं. एकेका काळाला एकेक पान. टीम नवीन होती तेव्हाचं पान, पंच्याऐंशीचं पान, ब्याण्णव-त्र्याण्णवचं म्हणजे आपण चॅम्पियन झालो तेव्हाचं पान, त्यानंतरच्या पडत्या काळाचं पान. प्रत्येकावर पाच नावं आणि नावासमोर दोघांचे शेरे, ह्यांचे निळ्या शाईत आणि तिचे पेन्सिलीने.

"पंच्याऐंशीसारखे पाच पुन्हा होणे नाही," हे म्हणायचे.

"भाऊजी, तुम्ही पाच कुठे मोजता? तुम्ही दोन मोजता आणि तीन धरून चालता."

"बरं, मग चॅम्पियन झालो ते?"

"त्यांच्या मागे बॅटिंग केवढी होती! पिचरने सहा रन दिले तरी आपले आठ व्हायचे. त्यात पिचरचं कसलं कौतुक?"

"तू आमच्या चॅम्पियनांना नावं ठेवतेस?"

"ठेवते. लॅबवाली आहे मी. नमुना वेगळा करून तपासते."

आणि दोघं हसायची. ती हसली की तिचा डावा खांदा वर जातो. लहानपणी ती तशी हसायची ती माझ्या बोलण्यावर. मी स्वयंपाकघरातून ऐकत असायची आणि सिंकमधल्या स्वच्छ भांड्यावरून पुन्हा घासणी फिरवत असायची.

एकदा ह्यांनी तिला विचारलं, "तू स्वतः कशी टाकायचीस गं? दाखव ना."

त्रेसष्ट वर्षांची बाई फॅमिली रूमच्या मधोमध उभी राहिली, कॉफी टेबल सरकवलं आणि खांद्यातून हात पूर्ण गोल फिरवून तिने मोज्यांचा गोळा सोफ्याकडे फेकला. ह्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तिने गोष्टी सांगितल्या. घरामागच्या बोळात भिंतीवर खडूने चौकोन काढून ती कशी रोज दोनशे चेंडू टाकायची, आई कशी ओरडायची, वडील कसे खिडकीतून गुपचूप बघायचे.

मी दारात पापडांची ताटली घेऊन उभी होते. त्या भिंतीसमोर मी बसायचे. डाव्या हाताला टॉवेल गुंडाळून तिचे दोनशेच्या दोनशे चेंडू मी झेलायचे, कारण भिंतीवर आपटला की चेंडू उसवायचा आणि दुसरा आणायची सोय नव्हती. माझ्या डाव्या करंगळीचं पेर अजून वाकडं आहे. मला वाटलं, आता ती सांगेल. ती वडिलांच्या खिडकीवरून थेट आंतरविद्यापीठ मॅचवर गेली.

ह्यांनीही कधी विचारलं नव्हतं, हे बोट असं का. चाळीस वर्षांत.

मीही प्रयत्न केला, नाही असं नाही. लायब्ररीतून पुस्तक आणलं. दुपारी, हे वामकुक्षी घेत असताना, परीक्षेसारखा अभ्यास केला. पंच्याऐंशीचे पाचही पिचर पाठ केले. आणि एका संध्याकाळी त्यांच्यात जाऊन बसले आणि योग्य वेळ साधून म्हणाले, "पण तो शेवटी येऊन मॅच संपवून द्यायचा, तो एवढा चांगला होता, त्याला का नाही धरत तुम्ही रोटेशनमध्ये?"

आता मला कळतं, की शेवटी येणारा वेगळा आणि सुरू करणारा वेगळा. तो रोटेशनमध्ये नसतोच. म्हणजे सलामीच्या जोडीत अकराव्या नंबरच्याला का घेतलं नाही, असं मी विचारलं होतं.

हे म्हणाले, "हं, तसं बघायला गेलं तर..." आणि बहीण म्हणाली, "चांगला मुद्दा आहे, ताई." दोघांनी एकमेकांकडे पाहायचं कटाक्षाने टाळलं. हसले असते तर बरं झालं असतं. मी पापड तळायचं निमित्त काढून उठले. पुस्तक दुसऱ्या दिवशी परत केलं.

त्या सप्टेंबरात आमच्या मुलीचं हॅलिफॅक्सला बाळंतपण होतं. मी सहा आठवडे गेले. नातीला अंगाखांद्यावर खेळवण्यात माझा जीव रमला असता, पण त्याच वर्षी आमची टीम बावीस वर्षांनी प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, पोचली. फोन केला की मागून टीव्ही आणि टीव्हीच्याही वर बहिणीचा आवाज. "थांब हं," हे म्हणायचे, "दोन आउट आहेत." मी थांबायची. मांडीवर बाळ, कानाला फोन, आणि फोनमध्ये माझा नवरा आणि माझी बहीण एकाच वेळी "अरेरेरे" करत आहेत. मग हे विसरूनच जायचे की मी लाइनवर आहे.

परत आले तर दारात माझ्या स्लिपर्सशेजारी तिच्या स्लिपर्स होत्या. मिसळणाच्या डब्यात हळदीच्या आणि धनेपुडीच्या वाट्यांची अदलाबदल झाली होती. फ्रिजवर माझी ग्रोसरीची यादी असते तिथे ती चार पिवळी पानं मॅग्नेटने लावलेली. यादी बाजूला, मायक्रोवेव्हच्या मागे सापडली.

"काय छान झालं ना, तू नव्हतीस तरी तुझ्या ह्यांची आबाळ झाली नाही," मंडळातल्या एका बाईंनी मला सांगितलं. मी म्हटलं, हो ना.

पुढचं वर्ष, २०१६, त्या दोघांच्या वादात निर्णायक ठरलं. बहिणीने पाचवं पान उघडलं, चालू वर्षाचं. "ह्यांच्यात एकही देव नाही," ती म्हणायची, "पण सोमवारी या नाहीतर गुरुवारी या, सहा इनिंग मिळणारच. पाचही जण. भाऊजी, रोटेशन म्हणजे हे."

"सहा! आमच्या वेळी मॅचच्या नऊच्या नऊ टाकायचे."

"आणि मग खांदा धरून घरी बसायचे."

कोणी आपल्या पोराला नावं ठेवावीत तसे हे चिडायचे. दुसऱ्या दिवशी पंच्याऐंशीच्या बाजूने नवीन मुद्दा शोधून ठेवायचे आणि साडेसहापासून खिडकीशी येरझाऱ्या घालायचे. मी कुठे गेले आणि उशिरा आले म्हणून हे कधी खिडकीशी उभे राहिलेले मला आठवत नाही.

ऑगस्टमध्ये त्यांनी एका शनिवारच्या मॅचची तिकिटं काढली. दोन. "तुला उन्हात कंटाळा येतो," हे म्हणाले, आणि ते खरंच होतं. मीच त्यांना गाडीने स्टेशनवर सोडलं. गाडी फलाटाला लागलेली होती. दोघं धावली. ह्यांनी तिची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली होती, तिच्या डोक्यावर निळी कॅप, आणि धावता धावता ती काहीतरी म्हणाली आणि हे मान मागे टाकून हसले. दार बंद झालं. दोघांनी आतून हात केला. मीही केला. मग तिथे पार्किंगमध्ये गाडीत बसून मी बराच वेळ स्टिअरिंग धरून ठेवलं होतं. रडले नाही. जळत होते.

सोमवारी मी तिला फोन केला.

"अगं, एक सांगायचंय. ह्यांचं चेकअप झालं. डॉक्टर म्हणाले, बीपी वर आहे, एक्साइटमेंट नको. तुमचा तो विषय निघाला की ह्यांना झोप लागत नाही. तुला सांगायचे नाहीत, भिडस्त आहेत. थोडे दिवस संध्याकाळची येऊ नकोस. आणि ह्यांना काही विचारूही नकोस, उगाच धसका घेतील."

मग ती म्हणाली, "किती आहे बीपी?"

मी एक आकडा ठोकून दिला.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं, "तिने योगाचा क्लास लावलाय. संध्याकाळचाच मिळाला म्हणे."

"रोज?" हे म्हणाले.

"रोज."

चेकअप खरंच झालं होतं. सगळं उत्तम निघालं होतं.

मला काय हवं होतं, ते मला मिळालं. दिवसा बहीण माझी, संध्याकाळी नवरा माझा. सकाळी आम्ही दोघी लेकच्या कडेने चालायला जायचो. पण ती चिंतेत असायची. "मीठ कमी केलंस का? रोज चालतात का?" असं विचारायची आणि मी त्या खोट्यावर आणखी खोटं रचत जायची. आमच्यात बोलायला तेवढंच उरलं होतं, माझ्या नवऱ्याचं नसलेलं आजारपण. संध्याकाळी मी ह्यांच्या शेजारी सोफ्यावर बसायची. एक-दोनदा हे म्हणाले, "बघ, हा चेंडू कसा शेवटच्या क्षणी खाली पडतो." मी म्हटलं, "हो की." ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. ऑक्टोबरात टीम पुन्हा प्लेऑफला गेली. ह्यांनी एकट्याने बघितलं, तिने कॉन्डोत एकटीने. "फोन करू का तिला?" हे एकदा म्हणाले. मी म्हटलं, "क्लासमध्ये असेल." ह्यांनी फोन ठेवून दिला. ह्यांना भीड फार. कोणी आपल्याला टाळतंय असं वाटलं की हे कधी कारण विचारत नाहीत, आपणच दोन पावलं मागे होतात.

तसं ते चालू राहिलं असतं, पण मध्ये दिवाळी आली. मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या जिममध्ये होता. स्टेजवर लाइटिंगची माळ लोंबत होती आणि हे शिडीवर चढून ती बांधत होते. हात वर, मान वर, वयाच्या सत्तरीत. बहीण कोट काढत होती. तिने पाहिलं आणि तशीच अर्धा कोट अंगात घेऊन धावली.

"भाऊजी, खाली उतरा! डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"कुठल्या डॉक्टरांनी?" हे शिडीवरूनच म्हणाले.

मी फराळाच्या टेबलाशी होते. ह्यांनी वरून माझ्याकडे पाहिलं. ह्यांना त्या एका क्षणात किती कळलं, कोण जाणे. सावकाश उतरले आणि म्हणाले, "हो, हो. सांगितलंय. विसरलो."

माझी लाज राखायला माझा नवरा खोटं बोलला, आणि अगदीच वाईट बोलला. चाळीस वर्षांत त्याची सवय नव्हती त्यांना.

परत येताना गाडी मी चालवत होते. बहीण मागे बसली होती. तिचा कॉन्डो दोन सिग्नलवर आला तेव्हा ती म्हणाली, "ताई, मी सदतीस वर्षं रिपोर्ट वाचलेत. खोटा रिपोर्ट मला कळतो. मला फोनवरच वाटलं होतं, की हा आकडा जरा जास्तच राउंड आहे. पण म्हटलं, माझी बहीण आहे."

ती उतरली. दार आपटलं नाही. हळू लावलं.

घरी आल्यावर हे कोट न काढता जिन्याच्या पायरीवर बसले. "तुला काय वाटलं?" हे म्हणाले. "तुझ्या मनात माझ्याबद्दल... तसलं काही आलं?"

"छे!"

"मग?"

हेच तर अवघड होतं. तसलं काही असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. त्याला नाव आहे, त्याच्यावर लोक एकमेकांना सल्ले देतात. मी म्हटलं, "ती माझी बहीण आहे. ती माझ्यासाठी आली होती. तुम्ही घेतलीत."

ह्यांनी बुटाची नाडी सोडायला घेतली.

"आणि तिने तुम्हाला घेतलं. दोन्हीकडून मीच बाहेर पडले."

"अगं, नुसता बेसबॉल होता तो."

"मला माहीत आहे. तसं 'नुसतं' तुम्ही माझ्याशी काय बोलता?"

ह्यांनी उठून कोट काढला आणि हँगरला लावला, आणि माझाही मागून घेतला आणि लावला.

बहीण नोव्हेंबरात आली नाही, डिसेंबरात आली नाही. रविवारचा फोनही नाही, जो कॅल्गरीहून सदतीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. आता दहा मिनिटांवर राहून बंद. जानेवारीत एका सकाळी मी ड्राइव्हवेवरचं बर्फ काढलं आणि तशीच, बूट न बदलता, तिच्याकडे गेले. तिने दार उघडलं. चहा केला. माझा कप माझ्यासमोर ठेवला आणि आपला घेऊन खिडकीशी उभी राहिली.

मी माफी मागितली. सरळ मागितली, कारणं न देता. ती तयारी मी वाटेत केली होती.

"मला राग कशाचा आहे सांगू?" ती म्हणाली. "कॅल्गरीत सगळं हॉकी. मी इतकी वर्षं एकटीने मॅचेस ऐकल्या. लॅबमध्ये एक माणूस नाही ज्याला पाचव्या पिचरचं काही वाटतं. मला वाटायचं, हे असंच मरायचं आपल्याबरोबर. आणि इथे आले तर भाऊजी. रोज संध्याकाळी कोणीतरी माझ्याशी भांडायला थांबलेलं असायचं, ताई. ते तू काढून घेतलंस. आणि वर मला घाबरवलंस. मी तीन महिने त्यांच्या हार्ट अटॅकची वाट बघत होते."

"मला हेवा वाटला," मी म्हणाले. आणि मग, का कोण जाणे, स्वतःला जरा हलकं करायला म्हणाले, "तुलाही वाटला असेल ना कधी? माझा? घर, नवरा, मुलगी..."

तिने खरंच विचार केला. लॅबमध्ये नमुना बघताना कशी दिसत असेल, तशी दिसली.

"नाही," ती म्हणाली. "तुझा हेवा मला कधीच वाटला नाही."

दुष्टपणे नाही म्हणाली. फक्त खरं होतं ते. त्या घटकेला मला कळलं, की गेली चाळीस वर्षं मी मनाच्या कुठल्यातरी फडताळात एक गोष्ट जपून ठेवली होती: धाकटीला माझा थोडासा हेवा वाटत असणार. दर रविवारी फोन ठेवताना मला तिची कीव यायची, आणि त्या कीवेत एक ऊब होती. ती ऊब तिने एका शब्दात काढून घेतली. चहा पूर्ण प्यायले. चांगला केला होता.

निघताना तिने माझा डावा हात धरला, करंगळी पाहिली आणि म्हणाली, "ही अजून सरळ होत नाही?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मी फार जोरात टाकायचे." एवढंच.

एप्रिलपासून ती पुन्हा येऊ लागली, पण तिच्या अटींवर. बुधवार सकाळ माझी. तेव्हा आम्ही दोघी बाहेर जातो आणि टीमचं नाव निघत नाही. मंगळवार आणि शनिवार संध्याकाळ भाऊजींची. बाकीचे दिवस तिचे स्वतःचे. हे तिने मला आणि ह्यांना समोरासमोर बसवून सांगितलं, आणि आम्ही दोघांनी शाळेतल्या मुलांसारख्या माना हलवल्या. त्या वर्षी टीमची रयाच गेली. तिच्या लाडक्या पाचांतला एक आधीच दुसरीकडे गेला होता, उरलेल्यांत दुखापती सुरू झाल्या. हे आनंदाने म्हणाले, "बघ, टिकाऊ नव्हतं." ती म्हणाली, "एक वर्ष पुरे असतं." वाद मिटलेला नाही.

माझा हेवाही मिटलेला नाही. शनिवारी पलीकडून तिचं हसणं आलं की अजून मी जळते. फक्त आता मी भांडी पुन्हा घासत नाही. नातीला व्हिडिओ कॉल लावते, नाहीतर सरळ बाहेर पडते.

पण मागच्या, म्हणजे २०१८च्या, उन्हाळ्यात एक गोष्ट झाली. बहिणीच्या कॉन्डोत एक फिलिपिनो विधवा राहायला आली. रिटायर्ड नर्स, आणि बेसबॉलपायी तिच्याहूनही वेडी. पाहता पाहता त्या दोघींचं जमलं. एका मंगळवारी बहिणीचा मेसेज आला, आज येत नाही, मॅच मैत्रिणीकडे बघतेय. पुढच्या मंगळवारी पुन्हा.

हे साडेसहाला खिडकीशी उभे होते. मॅच सुरू झाली, पहिली इनिंग संपली, तरी बसले नाहीत.

"त्या बाईला कळतं तरी का काही?" हे म्हणाले. "तिला पंच्याऐंशी माहीत असणं शक्य नाही. ती आलीच नंतर इथे."

"कळतं म्हणे. फार कळतं."

"तुला कोणी सांगितलं?"

"बुधवारी हिनेच सांगितलं. म्हणाली, अशी मैत्रीण आयुष्यात पहिल्यांदा मिळाली."

ते सांगताना मला स्वतःलाच किती झोंबलं होतं, हे मी ह्यांना सांगितलं नाही. ह्यांच्या चेहऱ्यावर ते उमटताना मात्र नीट पाहिलं. मला आतून थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

"असं कसं पहिल्यांदा?" हे म्हणाले. "मग आपण कोण?"

मी सोफ्यावर बसले आणि शेजारच्या उशा बाजूला केल्या. हे आले, बसले. टीव्हीवर कोणीतरी नवा पिचर होता, ओठांवर नुकती मिसरूड फुटलेला, आणि एकामागून एक सगळे त्याला बदडून काढत होते. आम्ही दोघंही बराच वेळ त्याच्याकडे रागाने बघत होतो.

"हा कितवा?" मी विचारलं.

"पाचवा," हे म्हणाले.